झाकणे आणि लपवणे

मराठीत ‘झाकणे’ आणि ‘लपवणे’ ही दोन क्रियापदे शेजारी शेजारी राहतात आणि बोलण्याच्या ओघात आपण एकाच्या जागी दुसरे सहज वापरतो. दूध झाकतो, चोरी लपवतो. पण चूकही झाकतो आणि दागिनेही लपवतो. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ या म्हणीत तर दोघांचा संसार एकत्रच आहे. मुठीत जे आहे त्याचे रक्षण चालले आहे, की मुठीत काहीच नाही हे कुणाला कळू नये म्हणून खटपट चालली आहे, हे म्हण सांगत नाही. या दोन शब्दांत नैतिक अंतर आहे का, आणि असलेच तर ते नेमके कुठे पडते, हा प्रश्न माझ्यापुढे आला तो एका जुन्या मोटारीच्या एक्सलवरच्या रबरी बुटामुळे.

आधी हा बूट म्हणजे काय ते सांगायला हवे. ॲम्बॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी या गाड्यांना मागची चाके पुढे ढकलत. 1983 साली मारुती 800 आली आणि पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी आपल्याकडे घरोघरी झाली. पुढच्या चाकाला एकाच वेळी तीन कामे करावी लागतात : इंजिनाच्या जोरावर फिरणे, खड्ड्यांबरोबर वरखाली होणे आणि स्टीअरिंगबरोबर डावीउजवीकडे वळणे. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा एक्सल सरळ लोखंडी दांडा असता तर हे जमले नसते. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात. साधा सांधा वाकवून फिरवला तर दर फेऱ्यात त्याचा वेग कमीजास्त होतो आणि गाडी थरथरते. अल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने 1920च्या दशकात यावर जो उपाय काढला, तोच थोड्याफार फरकाने आजही बहुतेक गाड्यांच्या बाहेरच्या सांध्यात आहे. खाचांमध्ये बसवलेल्या सहा पोलादी गोळ्यांमुळे दांडा कितीही वाकला तरी चाक एकसारख्या वेगाने फिरते. मिस्त्री याला ‘सीव्ही जॉइंट’ म्हणतात.

हे गोळे काळ्या, दाट ग्रीसमध्ये बुडालेले असतात. ग्रीस बाहेर जाऊ नये आणि धूळ, पाणी आत येऊ नये म्हणून सांध्यावर घड्या-घड्यांचा रबरी बूट चढवलेला असतो, हार्मोनियमच्या भात्यासारखा. बुटाची दोन तोंडे, मोठे सांध्याच्या वाटीवर आणि लहान दांड्यावर, पत्र्याच्या एकेका पट्टीने आवळलेली असतात. ही पट्टी म्हणजे क्लॅम्प. आमच्याकडच्या दुकानांत ‘क्लिप’. चार सांध्यांना चार बूट, चार बुटांना आठ क्लिपा. सगळ्या गाडीत इतकी स्वस्त आणि इतकी अदृश्य वस्तू दुसरी क्वचितच असेल. पण ती सैल झाली की ग्रीस उडू लागते. साठच्या वेगाने जाणाऱ्या लहान गाडीचे चाक मिनिटाला साधारण पावणेसहाशे फेरे घेते. त्या गरगरण्यात ग्रीस बाहेर फेकली जाते आणि तिच्या जागी रस्त्याची धूळ आत शिरते. मग गोळे आणि खाचा झिजतात. पूर्ण वळण घेताना ‘टक टक’ असा आवाज येऊ लागतो. तरीही दुर्लक्ष केले तर एक दिवस सांधा निखळतो, आणि इंजिन चालू असूनही गाडी जागची हलत नाही.

आमची लहान गाडी तेरा वर्षांची झाली होती आणि विकायची ठरली होती. विकण्याआधी तिला खालून पाहताना पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे दिसले. बूट शाबूत होता, पण मोठ्या तोंडाची क्लिप सैल होऊन गळून पडली होती. दीक्षितपुऱ्याच्या गल्ल्या जुन्या जबलपूरच्या. गॅरेजच्या माणसाला गाडी तपासायला बोलावले तर तो आधी विचारतो, गाडी बाहेर रस्त्यावर आणाल का. ग्रीस फेकणारी गाडी उगाच चालवायची नव्हती, म्हणून हे काम घरीच, दारासमोर करायचे ठरवले.

क्लिप आणायला गेले तेव्हा सुट्या भागांच्या दुकानदाराने पहिला सल्ला दिला. “बेचना ही है न, दीदी? टाई मार दीजिए, दस रुपए में काम हो जाएगा.” टाय म्हणजे वायरींचा जुडगा बांधायची प्लास्टिकची पट्टी. गाडी विकली जाईपर्यंत ती नक्की टिकली असती. त्यानंतर उन्हाळ्याचा ताप आणि ग्रीस यांनी ती कडक होऊन कधीतरी सुटली असती. तोवर गाडी दुसऱ्याची.

दुसरा सल्ला शेजारच्या काकांचा. काका इथल्या वाहन कारखान्यातून निवृत्त झालेले. 1969 साली सुरू झालेल्या या कारखान्याने लष्करासाठी शक्तिमान ट्रक आणि जोंगा बनवल्या. जोंगाच्या नावातला पहिला ‘ज’ जबलपूरचाच. काकांना टायचे नाव काढलेलेही खपले नाही. स्क्रूने आवळायची पाण्याच्या पाइपची क्लिपही त्यांनी बाद केली. तिचा स्क्रू एका बाजूला गाठीसारखा उभा राहतो, त्याच्याखाली दाब सारखा पडत नाही आणि फिरताना तो आसपास घासू शकतो. अखंड कडीची क्लिप सांधा न उघडता चढत नाही, म्हणून आकडे अडकवून बंद होणारी आणि मग कान दाबून आवळायची पट्टीच हवी, हे त्यांनीच सांगितले. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना ठोकळे लावायचे, नुसत्या जॅकवर भरवसा न ठेवता खाली भक्कम टेकू द्यायचा आणि मगच चाक काढायचे, हेही.

काम असे झाले. आधी बाहेर उडालेली ग्रीस पुसली. मग बुटाचे मोठे तोंड वाटीवरून मागे सरकवून आतली थोडी ग्रीस बोटांवर घेतली आणि चोळून पाहिली. तिच्यात वाळूची कचकच लागली असती तर नव्या क्लिपेला अर्थ नव्हता. सांधा उघडून, धुऊन, सगळी ग्रीस बदलावी लागली असती. कचकच लागली नाही. जितकी ग्रीस गेली होती असे वाटले तितकी सांध्यांसाठीचीच नवी ग्रीस भरली. वाटीवरची खाच आणि बुटाचा काठ कोरडा होईपर्यंत पुसला, कारण मधे ग्रीसचा पातळ थर राहिला तर कितीही आवळले तरी रबर घसरते. काठ खाचेत बसवला. लहान तोंडाखाली बोथट स्क्रूड्रायव्हर हलकेच घालून आत कोंडलेली हवा सोडली. ही हवा राहिली तर बूट फुगतो, कमी पडली तर त्याच्या घड्या आत ओढल्या जातात. मग पट्टी गुंडाळून आकडे अडकवले आणि तिचा उंच राहिलेला कान बोथट तोंडाच्या जंबुराने दाबत आणला. धारदार तोंडाने कान कापला जातो. कमी दाबला तर ग्रीस गळते, जास्त दाबला तर रबर कापले जाते. बोटाने पट्टी फिरवून पाहायची; ती फिरता कामा नये, आणि रबर तिच्या कडेने फुगून वर आलेले दिसता कामा नये.

काकांनी वाकून बघितले आणि म्हणाले, “झालं. आता गिऱ्हाइकाला यातलं काही सांगत बसू नकोस. दुखणं बरं झाल्यावर ते गावभर कुणी सांगत फिरतं का?”

दुकानदाराचा सल्ला नाकारायला फार विचार लागत नाही. काकांचा सल्ला मात्र मला बरेच दिवस पुरला. त्यांचे म्हणणे असे, की माझे कर्तव्य वस्तूशी आहे. वस्तू नीट केली, तिच्यात आता खोट नाही, मग घेणाऱ्याचे माझ्याकडे काही देणे उरत नाही. ही कारागिराची नीती आहे आणि ती मोठी आहे. कुणी पाहत नसताना, कुणाला कळणार नसताना काम चोख करायचे, यावर जगातली अर्धी सुरक्षितता उभी आहे.

कायदा या बाबतीत काय म्हणतो ते पाहण्यासारखे आहे. 1872च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे. तिच्यानुसार एखादी गोष्ट ठाऊक असून ती कृती करून दडवणे ही फसवणूक. पण नुसते गप्प बसणे ही सहसा फसवणूक नाही. समजावून सांगण्यासाठी कायद्याने घोड्याचे उदाहरण घेतले आहे. एक जण सदोष घोडा लिलावात विकतो आणि दोषाबद्दल काहीच बोलत नाही : ही फसवणूक नव्हे. पण घेणारी जर त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा म्हणाला, की तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा चांगला समजेन, तर त्यानंतरचे मौन हे बोलण्यासारखेच.

दीडशे वर्षांपूर्वीच्या या उदाहरणांत एक गोष्ट मला खटकते आणि एक उपयोगी पडते. खटकते ती मुलीची. मुलीला सांगायचे आणि परक्याला नाही, ही रेघ कायद्याला ओढावी लागते, कारण त्याला कुठेतरी थांबायचे असते. पण आमच्या गावात परका माणूस राहतो कुठे? दुकानदार मला दीदी म्हणतो, मी रिक्षावाल्याला भैया म्हणते, गाडी बघायला आलेला अनोळखी तरुण दारात पाऊल ठेवताच घरातल्या वडीलधाऱ्यांना चाचा-चाची करून टाकतो. ही नाती खरी नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी त्यांच्याच आधाराने व्यवहार होतात. समोरच्याने ‘दीदी’ म्हणून टाकलेला विश्वास पदरात घ्यायचा आणि सांगायची वेळ आली की तो लिलावातला गिऱ्हाईक, असे दोन्हीकडून कसे चालेल?

उपयोगी पडते ती गप्प बसणे आणि दडवणे यांतली फोड. माझ्या बाबतीत ही फोड एका फडक्यापाशी येऊन अडते. ज्या फडक्याने मी क्लिप बसवण्याआधी ग्रीस पुसली, त्याच फडक्याने ग्रीस उडाल्याची खूणही पुसली गेली. पुसल्याशिवाय दुरुस्ती होत नाही, आणि पुसल्यावर घडल्याचा पुरावा राहत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दुरुस्ती करणारा हात आणि दडवणारा हात यांत काही फरक दिसणार नाही. प्लास्टिकची टाय निदान चुगली तरी करते. जाणत्या माणसाने खाली वाकून पाहिले तर त्याला कळते, की इथे काहीतरी घडले आहे. नवी, नीट बसलेली क्लिप काहीच बोलत नाही. काम जितके सफाईदार, तितका मागचा इतिहास गडप.

आणि इतिहास होता. क्लिप नेमकी कधी गळली ते कुणालाच ठाऊक नव्हते. बोटांना कचकच लागली नाही, वळणावर आवाजही नव्हता. पण आत थोडीही धूळ गेली नसेल, अशी हमी बोटे देऊ शकत नाहीत. ती झीज कदाचित वर्षाने बोलेल, कदाचित कधीच बोलणार नाही. काकांच्या उपमेतच बोलायचे तर दुखणे बरे झाले आहे, असे मला वाटते; झाले आहे, असे मी म्हणू शकत नाही. हे ‘वाटणे’ आणि ‘असणे’ यांतले अंतर विकत घेणाऱ्याच्या माथी जाणार होते, आणि ते आहे हेही त्याला कळणार नव्हते.

भाषांतराच्या कामात हे अंतर मला रोज भेटते. मूळ वाक्याचा अर्थ दोन्हीकडे जाऊ शकतो, मी एक धरते आणि मराठी वाक्य घोटून इतके सरळ करते की तिथे काही गाठ होती असा संशयही वाचकाला येत नाही. वाक्य चांगले उतरले म्हणून तळटीप नको, असे म्हणता येत नाही. उलट वाक्य चांगले उतरले म्हणूनच तळटीप हवी असते. ओबडधोबड वाक्यापाशी वाचक आपणच थबकतो.

हा वाद फार जुना आहे. सिसेरोने इसवी सनापूर्वी 44 साली आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात तो एका घरविक्याचे उदाहरण घेतो. घराचे लाकूड खराब आहे, खोल्यांतून साप निघतात, आणि हे फक्त मालकाला ठाऊक आहे. त्याने ते सांगावे का? बॅबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, घ्यायला कुणी भाग पाडले नव्हते; स्वतःच्या मालाची निंदा करीत तो विकायला बसणे हास्यास्पद आहे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यापेक्षाही हे वाईट, कारण इथे तुम्ही त्याला जाणूनबुजून चुकू देता. सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो. त्याची कसोटी मला अजूनही पुरेशी वाटते : प्रत्येक मौन म्हणजे दडवणे नव्हे, पण जे कळण्यात दुसऱ्याचे हित आहे ते आपल्या फायद्यासाठी त्याला कळू न देणे, हे दडवणेच.

आपल्याकडे महाभारताच्या शांतिपर्वात तुलाधार आहे, काशीतला वाणी. जाजली नावाचा तपस्वी इतका निश्चल उभा राहिला की पाखरांनी त्याच्या जटांत घरटे केले, पिल्ले वाढली, उडून गेली. त्याला आपल्या तपाचा गर्व झाला तेव्हा आकाशवाणीने त्याला धर्म शिकायला या दुकानदाराकडे धाडले. तुलाधार आपली थोरवी सांगताना तराजूकडे बोट दाखवतो. तो सर्वांसाठी सारखा आहे, आणि आपण कपटाशिवाय विकतो, एवढेच त्याचे म्हणणे. मला या कथेतली जाजलीची बाजू काकांच्या जवळची वाटते. त्याचे तप खरे होते, पाखरांना त्याने खरोखरच जपले होते. पण ते एकट्याचे काम होते. तुलाधाराच्या धर्माला समोर दुसरा माणूस लागतो.

शेवटी मी सांगायचे ठरवले, आणि सांगण्याची किंमत काय असते तेही लगेच कळले. पहिल्या गिऱ्हाइकाने ऐकून घेतले, मान हलवली आणि परत आला नाही. त्याचा तर्क सरळ होता : ही बाई न विचारता एवढे सांगते आहे, तर न सांगितलेले केवढे असेल! जिथे कुणीच सांगत नाही तिथे सांगणे हेच संशयाचे कारण होते. दुसरा मंडल्याचा तरुण, आईवडिलांसाठी पहिली गाडी घेणारा. ‘बूट’, ‘क्लिप’ यांतले त्याला काही कळले नाही, आणि तिथे माझ्या लक्षात आले, की शब्द उच्चारले म्हणजे सांगणे झाले असे नाही. त्याला गाडीखाली वाकवून पट्टी दाखवली. रिकाम्या जागेत स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू चालवायला लावले. असा फेरा दर महिन्याला घ्या, टक टक ऐकू आली तर मंडल्याच्या रस्त्याला लागण्याआधी मिस्त्रीला दाखवा, असे सांगितले. त्याने किमतीतून दोन हजार कमी करायला सांगितले. ते मला वाजवी वाटले. अनिश्चितता होती, तिचा वाटा मी उचलला. मालकी बदलण्याचे फॉर्म 29 आणि 30 भरले तेव्हा पाहिले, की गाडीच्या अंगात काय आहे यासाठी त्यांत एकही रकाना नाही. म्हणून एका साध्या कागदावर क्लिप कधी बदलली आणि का, हे दोन ओळींत लिहून त्याला दिले.

काका यावर खूश झाले नाहीत. त्यांच्या मते मी चांगल्या कामाची किंमत आपल्या हाताने कमी केली. हिशेबापुरते ते खरे आहे, आणि दोन हजार ज्याला जड आहेत अशा विक्रेत्याला मी हेच करायला सांगेन का, हा प्रश्न मला सोपा वाटत नाही. ज्याला गाडी विकून दवाखान्याचे बिल भरायचे आहे, त्याच्या मौनाला मी माझ्या मौनाच्या तराजूत तोलणार नाही. शिवाय सगळेच सांगता येत नाही, सांगूही नये; तेरा वर्षांच्या गाडीचे प्रत्येक खरचटणे वाचून दाखवणे हाही समोरच्याला गोंधळात टाकण्याचा एक प्रकार आहे. जे त्याला स्वतः पाहून कळणार नाही आणि ज्याची झळ त्यालाच लागणार आहे, तेवढे सांगायचे, असा माझ्यापुरता नियम आहे.

आता त्या दोन क्रियापदांकडे वळते. बूट सांधा झाकतो. तो झाकतो हे साऱ्या जगाला सांगितले तरी त्याचे काम बिघडत नाही. धूळ बाहेरच राहते, ग्रीस आतच राहते. दुधावरच्या झाकणीचे तसेच. लपवण्याचे मात्र सांगितल्याक्षणी काही उरत नाही, कारण ते धुळीपासून नसते, माणसापासून असते. म्हणून आपण काय करतो आहोत याचा संभ्रम पडला, तर हे त्या माणसाला सांगितले तर काय होईल, असे स्वतःला विचारून पाहावे. माझी क्लिप सांगितल्यानंतरही तितकीच घट्ट होती. त्या म्हणीतल्या मुठीला मात्र ही परीक्षा सोसत नाही. आत काय आहे ते सांगताच तिचे सव्वा लाख जातात. ती मूठ झाकलेली आहे असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. माझ्या मते ती लपवलेली आहे.